शब्द न तोडता

बबन मरगळे पिशवी दारातच ठेवतो.
"घाण मारतंय, म्याडम. येष्टीत शेजारचा उठून गेला."
ताम्हिणीच्या वरच्या अंगाला, ओढ्यालगत,
त्याच्या माहितीतली आता तीनच झाडं उरलीत.
तरणा असताना बाकीची त्यानंच तोडली,
किलोला दोन रुपये, खोड आणि साल.
ट्रक कुठं जायचा, कुणी विचारलं नाही.

नरक्या.
नाव ठेवणाऱ्यानं फक्त नाकाचं ऐकलं.

पाषाणच्या आमच्या खोलीत
मी पानं द्रव नायट्रोजनमध्ये बुडवते, खलात कुटते.
खल अजून सुटलेला नाही,
वैद्याचाही नाही, माझाही नाही.
आधी हिरवी धूळ, मग चिकट धागा,
मग यंत्र, आणि तीन दिवसांनी पडद्यावर
ए टी जी जी सी ए टी टी ए
ना दंड, ना स्वल्पविराम, ना दोन शब्दांत जागा.

मला भीती वाटली नाही.
मी मोडी शिकलेय.

सदाशिव पेठेत, शनिवारी चार ते सहा,
हसबनीस सरांच्या वर्गात आम्ही सात जण,
त्यातले तिघे जमिनीच्या दाव्यापायी आलेले.
आधी आडवी रेघ, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत,
अक्षरं मागाहून तिला लटकवायची.
सर म्हणायचे, लिहिणारा शब्द तोडत नाही,
ते काम वाचणाऱ्याचं.
घाई नको. ओळखीचं काहीतरी सापडेल,
एखादं गाव, एखादी रक्कम, नुसतं "मौजे".
तिथं बोट ठेवा, आणि दोन्ही बाजूंना सरका.

तशीच सरकले, सहा महिने.
एक विकर सापडलं, मग त्याच्या पुढचं.
साध्या अमिनो आम्लापासून
झाड ते कडू औषध कसं रांधतं
त्याच्या अकरा पायऱ्या कळल्या.
दोन ठिकाणी अजून फुली आहे.

पण मला वेगळंच छळत होतं.
सूत्राचा पीळ सोडवायला पेशी एक धागा कापते,
परत जोडते.
हे औषध नेमकं त्या कापल्या क्षणी बोट घालतं,
जोडू देत नाही. पेशी मरते.
मग हे अंगाखांद्यावर बाळगून झाड स्वतः कसं जगतं?

रात्री सव्वाअकराला सापडलं.
कापणाऱ्या-जोडणाऱ्या त्या विकराच्या जनुकात
एक अक्षर. सी हवा तिथं ए.
मारावे होतं, तिथं धरावे.
झाडानं आपल्यापुरता मा चा ध केला होता.
मी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.
सांगायला खोलीत कुणी नव्हतं.

मंगळवारी, बबनची दुसरी पिशवी रिकामी करून,
एरंडवण्यात गेले.
सर तिथं सलाइन घेतात,
याच रेणूचा कारखान्यात घडवलेला भाऊबंद,
थेंब थेंब.
मेमध्ये गाठ आकसली होती.
गणपतीनंतरच्या स्कॅनमध्ये वाढलेली दिसली.

मी झाडाचं सगळं सांगितलं.
हे नाही सांगितलं, की कधीकधी गाठसुद्धा
जवळपास त्याच जागी
एक अक्षर बदलून बसते.
सरांच्या गाठीत तसं झालंय का, मला माहीत नाही.
ती कुणी वाचलेली नाही.

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनीच विचारलं,
"आणि रोगालाही लिहिता येत असेल तर?"
मी सलाइनकडं बघत राहिले.
"आपल्या गावात काय अवघड," ते म्हणाले,
"ध चा मा करायला एक बोरू पुरतो."
हसले. ठसका लागला. नर्सनं डोळे वटारले.
मग तळहात पुढं केला, "दाखव ते अक्षर."

मी मोबाइल दिला.
बराच वेळ ते पडद्यावर वरची रेघ शोधत होते.
मग नाक आक्रसून थांबले.
"हाताला कसला गं वास येतोय तुझ्या?"